सातबाऱ्यावर नसलेला आकडा : रावेरच्या जमिनीची उंची नकाशावरून कशी काढावी

१/२४
रावेर तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याला त्याच्या शेताचे क्षेत्र विचारा, हेक्टर-आरमध्ये उत्तर तयार असते. गट क्रमांक, आकारणी, चतुःसीमा, विहिरीची खोली हे सारे तोंडपाठ असते. पण ते शेत समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचीवर आहे असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. सातबाऱ्यावर त्यासाठी रकानाच नाही. तापीकाठच्या केळीत हतनूरचे पाणी शिरेल की नाही, पाटाचे पाणी वरच्या बांधापर्यंत चढेल की नाही, हे मात्र याच आकड्यावर ठरते. हा आकडा नकाशावरून कसा काढायचा, तो मुळात आला कुठून आणि शेतीच्या दप्तरात तो का उतरला नाही, यासाठी हा धागा. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२/२४
प्रारंभ १८५२ सालापासून करू. एकोणिसाव्या शतकात रावेरचा प्रदेश सावदा तालुक्यात मोडत असे. इंग्रज सरकारने खानदेशात नव्या पद्धतीची महसुली मोजणी सुरू करताच सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, एरंडोल या पट्ट्यात शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले आणि त्यांनी मोजणीला विरोध केला. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. मोजणी अधिकाऱ्यांच्या छावणीपर्यंत हा जमाव येऊन धडकला. सरकारने लष्कर आणून हा उठाव मोडला आणि मोजणी पुढे चालू ठेवली. आपल्या भागातील जमिनीच्या नोंदींचा पाया असा संघर्षातून घातला गेला आहे.

३/२४
ही मोजणी नेमके काय मोजत होती? तिचे मुख्य साधन म्हणजे ३३ फूट लांबीची साखळी. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. मोजणीदार साखळी जमिनीवर ताणून धरीत, शंकूने काटकोन साधीत आणि शेताचे तुकडे पाडून क्षेत्रफळ काढीत. जमिनीची लांबी-रुंदी या साधनांनी अचूक मिळे. तिसरे परिमाण, म्हणजे उंची, मोजण्याची सोय या साधनांतच नव्हती. साऱ्याच्या हिशेबाला तिची गरजही नव्हती.

४/२४
तरीही उताराकडे अधिकाऱ्यांचे अगदीच दुर्लक्ष होते, असे म्हणता येत नाही. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात जमिनीची प्रतवारी कशी करावी हे ठरवून दिले आहे. मातीचा रंग व पोत पाहायचा, पावणेदोन हातांपर्यंत खोली तपासायची आणि मग दोष वजा करायचे. या दोषांत चुनखडी होती, वाळू होती, उतरता पृष्ठभाग होता आणि वाहत्या पाण्याखाली जाण्याचा संभवही होता. म्हणजे ‘हे शेत उतारावर आहे’ आणि ‘या शेतावरून पाणी वाहते’ या गोष्टी प्रतवारी करणाऱ्याने डोळ्यांनी पाहून नोंदल्या. किती उतार, किती उंची, हे मात्र त्याने मोजले नाही. पाहिलेल्या दोषाचे भागआणे झाले आणि भागआण्यांची आकारणी झाली.

५/२४
उंचीचे काम दुसऱ्या एका खात्याकडे होते. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. त्याची मुख्य साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत वऱ्हाडापर्यंत आली आणि १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी सातपुडा ओलांडून उत्तरेस नेली. उंच टेकड्यांवर स्थानके उभारायची, एका स्थानकावरून दुसऱ्याकडे थिओडोलाइटने कोन मोजायचे आणि त्रिकोण सोडवून अंतरे व उंची काढायची, अशी ही पद्धत. नकाशावर डोंगरमाथ्याशी छोटा त्रिकोण आणि त्याच्याशेजारी आकडा दिसतो, तो या कामाचा वारसा आहे.

६/२४
या पद्धतीत एक अडचण होती. लांबवरून डोंगरमाथ्याकडे पाहताना प्रकाशाचा किरण हवेत वाकतो आणि उंचीत फरक पडतो. डोंगरासाठी तो चालून जाई; सपाट तापी खोऱ्यासाठी, जिथे दोन-तीन मीटरांवर शेताचे भवितव्य ठरते, तो चालण्यासारखा नव्हता. म्हणून १८५८ पासून सर्वेक्षण खात्याने तलेक्षण सुरू केले. दोन उभ्या मोजपट्ट्या, मधोमध पाणसळ असलेली दुर्बीण, दोन्ही पट्ट्यांवरील वाचनांतील फरक घ्यायचा आणि पुढे सरकायचे. शेकडो किलोमीटर असे टप्प्याटप्प्याने जायचे. वाटेत दगडावर कोरून ठेवलेल्या कायम खुणा म्हणजे तलचिन्हे.

७/२४
मोजायला सुरुवात कुठून करायची? समुद्रापासून. पण समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो. त्यामुळे भरती-ओहोटीची वर्षानुवर्षे नोंद करून सरासरी काढावी लागते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून अशी नोंद सुरू झाली. १९०९ मध्ये संपूर्ण देशाची तलेक्षणाची जाळी एकत्र जुळवली गेली, तेव्हा नऊ ठिकाणची सरासरी समुद्रपातळी शून्य धरण्यात आली : कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या रावेरच्या शेताची जुन्या नकाशावरील उंची या नऊ किनाऱ्यांच्या सरासरीवर टेकलेली आहे.

८/२४
याच काळात लोहमार्गही आपली पातळी मोजत पुढे येत होता. भुसावळहून रावेर, बुऱ्हाणपूर, खांडवा या वाटेने जाणारा मार्ग १८७० मध्ये जबलपूरशी जोडला गेला आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला. आगगाडीला चढ फारसा सोसत नाही, त्यामुळे रुळांची उंची काटेकोर मोजावीच लागते. स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची प्रथा आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्या परिसरातील उंचीचा अंदाज घेण्यासाठी सर्वांत सोपा आणि कोणालाही वाचता येणारा संदर्भ म्हणजे हा फलक. मात्र तो आकडा स्थानकाचा असतो, गावाच्या प्रत्येक गल्लीचा नव्हे.

९/२४
आता समोच्चरेषेकडे वळू. समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, ही शाळेतील व्याख्या सर्वांना ठाऊक असते. या कल्पनेचा जन्म मात्र पाण्यात झाला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रूकियस या डच मोजणीदाराने मर्वेडे नदीच्या तळाची खोली समान खोलीच्या रेषांनी दाखवली. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीचे वस्तुमान शोधण्यासाठी मोजण्या झाल्या. त्यांचे गणित करताना चार्ल्स हटनला शेकडो आकड्यांचा पसारा आवरेना, तेव्हा त्याने समान उंचीचे आकडे रेषांनी जोडले. भारतातील एकोणिसाव्या शतकातील नकाशांवर डोंगर बहुतांशी उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघांनी दाखवीत. त्यावरून चढ कुठे तीव्र आहे ते कळे, उंची कळत नसे. १९०५ च्या सर्वेक्षण समितीनंतर एक इंचास एक मैल प्रमाणाचे, समोच्चरेषांचे रंगीत नकाशे करण्याचे धोरण पक्के झाले.

१०/२४
रावेरचा नकाशा शोधताना एक गंमत लक्षात येते. जुन्या पद्धतीत देश चार-चार अंशांच्या चौकोनांत विभागला आहे. ७२ ते ७६ पूर्व रेखांशांचा चौकोन ४६ क्रमांकाचा आणि ७६ ते ८० चा ५५ क्रमांकाचा. ७६ रेखांश रावेर शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटरवरून जातो. त्यामुळे सावदा ४६ ओ मध्ये आणि रावेर ५५ सी मध्ये येते. एकच तालुका दोन मोठ्या पत्रकांवर विभागला जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेत हे दोन्ही भाग एफ ४३ या एकाच मोठ्या चौकोनात आले आहेत. हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

११/२४
नकाशा हाती आला की प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रमाण : १:५०,००० म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर जमिनीवरील ५०० मीटर. दुसरी, समोच्चरेषांमधील उंचीचे अंतर : या प्रमाणाच्या नकाशांवर ते सामान्यतः २० मीटर असते. तिसरी, एकक : जुन्या एक इंची नकाशांवर उंची फुटांत आहे, नव्यांवर मीटरमध्ये. ८२० फूट म्हणजे जवळजवळ २५० मीटर. एकक न पाहता जुन्या आणि नव्या नकाशांची तुलना केली, तर अख्खा तालुका आकाशात जाऊन बसेल. रेषांवरील आकड्यांखेरीज नकाशावर सुटे बिंदू आणि त्यांच्याशेजारी आकडे दिसतात, त्यांना बिंदुउंची म्हणावे. हे बिंदू बहुधा रस्त्यांच्या मिलनस्थानी किंवा टेकडीच्या माथ्यावर असतात.

१२/२४
आता प्रत्यक्ष गणित करू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, शेत २२० आणि २४० मीटरच्या रेषांमध्ये आहे. शेतातून जाणारी आणि दोन्ही रेषांना शक्य तितकी काटकोनात छेदणारी सरळ रेघ काढा. तिची लांबी ४ सेंटिमीटर भरली, म्हणजे जमिनीवर २ किलोमीटर. शेत २२० च्या रेषेपासून १.५ सेंटिमीटरवर आहे. चार सेंटिमीटरला २० मीटर, तर दीड सेंटिमीटरला ७.५ मीटर. शेताची उंची सुमारे २२७.५ मीटर. त्रैराशिक सातवीच्या मुलालाही येते. काळजी घ्यायची ती रेघ उताराच्या दिशेनेच काढली आहे ना, याची.

१३/२४
बिंदुउंचीचा उपयोग इथे होतो. समजा, त्याच रेघेवर २२० पासून २.२ सेंटिमीटरवर एक बिंदू आहे. आपल्या त्रैराशिकाने त्याची उंची २३१ यायला हवी. नकाशावर मात्र २३३ छापले आहे. म्हणजे खालच्या बाजूचा चढ आपण समजलो त्याहून थोडा अधिक आहे. मग शेतासाठी २२० ची रेषा आणि हा बिंदू यांच्यामध्ये पुन्हा हिशेब करावा. २.२ सेंटिमीटरला १३ मीटर, तर १.५ सेंटिमीटरला सुमारे ९ मीटर. शेत सुमारे २२९ मीटरवर. रेषा दोन टोके देते, त्यांच्या मधली जमीन कशी वळते ते बिंदू सांगतो. जवळ जितके बिंदू अधिक, तितका अंदाज विश्वासार्ह.

१४/२४
हा अंदाज किती खात्रीचा? समोच्चरेषांतील अंतराच्या निम्म्यापर्यंत चूक संभवते, असे सर्वसाधारणपणे धरतात. २० मीटर अंतराच्या नकाशावर ही चूक १० मीटरपर्यंत जाऊ शकते. जवळ बिंदुउंची असेल तर ती कमी होते. म्हणून उत्तर ‘२२७.५’ असे दशांशात देऊन अचूकतेचा आव आणू नये. ‘२२५ ते २३० च्या आसपास’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक. सातपुड्याच्या पायथ्याशी एवढ्या चुकीने फारसे बिघडत नाही. तापीच्या काठी मात्र सारा प्रश्नच या दहा मीटरांच्या आत दडलेला आहे.

१५/२४
तो प्रश्न असा. भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर धरण आहे. तापी आणि पूर्णा यांच्या चांगदेव येथील संगमाखाली ते बांधलेले असून त्याला ४१ दरवाजे आहेत. त्याची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर. पावसाळ्यात रोज बातम्यांत जलपातळीचा जो आकडा येतो, तो धरणाच्या तळापासून मोजलेली खोली नसून समुद्रसपाटीपासूनची उंची असते. धरणाचा फुगवटा, ज्याला सर्वजण बॅकवॉटर म्हणतात, वर रावेर तालुक्यातील ऐनपूर परिसरापर्यंत पोहोचतो. केळीला साचलेले पाणी सोसत नाही. त्यामुळे या पट्ट्यातील शेताची उंची २१४ च्या वर की खाली, हा कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न ठरतो.

१६/२४
आता २० मीटर अंतराचा नकाशा उघडा. त्यावर २०० ची रेषा असेल, २२० ची असेल. २१४ ची नाही. जो आकडा सर्वांत महत्त्वाचा, तो दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत हरवलेला आहे. नदी आणि २२० ची रेषा यांच्यामधील शेताबद्दल हा नकाशा फक्त एवढेच सांगतो की ते २२० च्या खाली आहे. ते २१३ वर आहे की २१८ वर, हे सांगण्याची त्याची क्षमता नाही. या नकाशावर बोट ठेवून ‘तुमचे शेत बुडीत क्षेत्रात येत नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याला बिंदुउंची किंवा तलेक्षणाचा पुरावा मागणे योग्य ठरते.

१७/२४
जुना नकाशा येथे अनपेक्षितपणे मदतीला येतो. एक इंची नकाशांवर समोच्चरेषांचे प्रचलित अंतर ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर होते. मेट्रिक नकाशांपेक्षा ते थोडे बारीक. आता ७०० फुटांची रेषा घ्या. ७०० फूट म्हणजे २१३.३६ मीटर, हतनूरच्या पूर्ण संचय पातळीपेक्षा जेमतेम ६४ सेंटिमीटर कमी. धरणाचा विचारही नसताना काढलेली ही रेषा आजच्या जलाशयाच्या काठाच्या जवळजवळ बरोबरीने जाते. तिलाही चुकीची मर्यादा आहेच; पण आपले शेत त्या रेषेच्या नदीकडील बाजूला की गावाकडील, एवढे पाहिले तरी धोक्याची पहिली कल्पना येते.

१८/२४
एक सावधगिरी. जलाशय शांत असताना त्याचा काठ ही खरोखर पाण्याने काढलेली समोच्चरेषा असते. पूर आला की चित्र बदलते. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. तो धरणापासून वर जाताना चढत जातो. धरणाच्या भिंतीशी पातळी २१४ च्या खाली असतानाही वरच्या अंगाला काठावर पाणी त्याहून उंच असू शकते. तापी-पूर्णेने आणलेला गाळ साचून पात्र उथळ झाले, तर तेवढ्याच पाण्याला अधिक उंची गाठावी लागते. त्यामुळे ‘माझे शेत २१५ वर, म्हणून निर्धास्त’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. बुडिताची रेषा कागदावर स्थिर असली तरी नदी तिला बांधील नसते.

१९/२४
आता नदीकडून सातपुड्याकडे जाऊ. नकाशावर उत्तरेला रेषा दाटीवाटीने येतात, पायथ्याशी त्या सुटतात आणि तापीकडे विरळ होत जातात. सुकी, भोकर यांसारख्या नद्यांच्या दऱ्यांत रेषा वरच्या अंगाला टोकदार वळतात. पायथ्याशी जिथे या नद्यांनी दगडगोटे व वाळू पसरून ठेवली आहे, तिथे त्याच रेषा खालच्या अंगाला पंख्यासारख्या फुगतात. हाच बझाडा पट्टा. पाणी जमिनीत झपाट्याने मुरण्याची ही जागा. तिचा ठाव लावण्यासाठी भूगर्भशास्त्र शिकलेच पाहिजे असे नाही. रेषा कोणत्या बाजूला वळल्या आहेत ते पाहण्याची सवय लागली तरी पुरे.

२०/२४
ही ओळख आज फार निकडीची झाली आहे. भूजल मूल्यांकनात रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित ठरलेले आहेत. येथे ‘विहिरीला पाणी किती फुटांवर’ असे विचारतात. तेवढ्याने तुलना होत नाही. समजा, एका शेताची उंची २६० मीटर आणि पाणी ५० मीटर खोल. दुसऱ्याची २३५ आणि पाणी ३० मीटर खोल. पहिल्याचे पाणी २१० वर, दुसऱ्याचे २०५ वर. खोल विहिरीतील पाणीच प्रत्यक्षात उंच आहे आणि ते दुसऱ्याकडे झिरपत जाणार. जमिनीची उंची ठाऊक असेल तरच गावाला आपल्या भूजलाचा उतार कळतो आणि पुनर्भरण कुठे करावे याची चर्चा अर्थपूर्ण होते. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार केला. त्याचाही गाभा पुराचे पाणी उताराने बझाड्यापर्यंत नेण्याचा आहे.

२१/२४
‘एवढा खटाटोप कशाला, मोबाइल उंची सांगतो की!’ असे कोणी म्हणेल. मोबाइलमधील उपग्रहाधारित उंची पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात या दोहोंत ५० मीटरांहून अधिक फरक आहे. काही ॲप हा फरक दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. त्यामुळे एकाच बांधावर दोन मोबाइल दोन वेगळ्या उंची सांगू शकतात. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने जगाच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली गेली. अनेक संकेतस्थळांवरील आकडे तिथून येतात. त्या मोहिमेने चुकीची मर्यादा १६ मीटर मानली होती, शिवाय दाट झाडोऱ्यावर रडार जमिनीऐवजी पानांच्या आसपासची उंची नोंदवू शकते. २१४ चा निवाडा त्यावर करता येणार नाही.

२२/२४
उंची सांगताना ‘कशापासून’ हे विचारण्याची सवय जुन्या वर्णनांसाठीही लावून घ्यावी. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेचा असीरगड समुद्रसपाटीपासून सुमारे ७०१ मीटर उंच सांगतात आणि पायथ्यापासून सुमारे २५९ मीटर. दोन्ही आकडे एकाच गडाचे आहेत. चढणाऱ्या सैनिकाला दुसरा महत्त्वाचा, नकाशा करणाऱ्याला पहिला. शेताचेही तसेच. पाट-पाण्यासाठी वरच्या बांधाचा आणि चारीचा फरक पाहायचा. पुरासाठी समुद्रसपाटीपासूनची पातळी पाहायची, कारण धरणाचे दप्तर त्याच भाषेत बोलते.

२३/२४
मग काठावरच्या शेतकऱ्याने काय करावे? पावसाळा संपून धरण भरलेले, दरवाजे बंद आणि पाणी निश्चल असेल, तेव्हा त्या दिवसाची अधिकृत जलपातळी नोंदवून घ्यावी. पाण्याची कड त्या क्षणी तेवढ्याच उंचीवर असते. तिथून गवंड्याच्या पारदर्शक नळीने, टप्प्याटप्प्याने, शेताच्या बांधापर्यंत पातळी चढवत न्यावी आणि उलट येऊन ताडा पाहावा. विहिरीच्या कठड्यावर मिळालेला आकडा रंगाने लिहून ठेवावा. भरपाईच्या दाव्यासाठी अधिकृत यंत्रमोजणीच लागेल; पण ती मागताना आपल्या हाती स्वतःचा आकडा असणे आणि नसणे, यांत मोठे अंतर आहे. १८५८ च्या तलेक्षणाचे तत्त्वही याहून निराळे नव्हते.

२४/२४
१९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले, पुढे सातबारा संगणकावर आला, महाभूनकाशावर गटाच्या सीमा दिसू लागल्या. उंचीचा रकाना मात्र अजून आलेला नाही. महसुली नकाशावर मालक आहे, पातळी नाही. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर पातळी आहे, मालक नाही. दीड शतक वेगळे राहिलेले हे दोन नकाशे आज संगणकावर एकमेकांवर ठेवता येतात. गावच्या ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा सोसायटीच्या कार्यालयात असा एक एकत्र नकाशा टांगता आला आणि त्यावर २१४ ची रेषा तलेक्षणाने तपासून लाल रंगात काढता आली, तर पुढच्या पंचनाम्याच्या वेळी वाद कुठून सुरू करायचा हे तरी सर्वांना ठाऊक असेल. आपल्या गावच्या स्थानकाच्या फलकावर किंवा जुन्या तलचिन्हावर कोणता आकडा आहे, तो खाली जरूर लिहावा, गावाच्या नावासह.